छोल्यांचा डबा खरंच महाग पडतो का? वजनकाटा घेऊन केलेला हिशोब

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी पाहुणे जेवायला, छोले-पुरीचा बेत ठरलेला, आणि शनिवारी रात्री छोले भिजत घालायचे साफ राहून गेले. सकाळी सात वाजता मला आठवलं तेव्हा मी नुसती डोक्याला हात लावून बसले. नवऱ्याने शांतपणे फोन काढला आणि त्या दहा मिनिटांत येणाऱ्या ॲपवरून शिजवलेल्या छोल्यांचे दोन डबे मागवले, २८० रुपये. डबे आले, छोले झाले, पाहुणे जेवून गेले, आणि संध्याकाळी बिल बघून सासूबाई म्हणाल्या, "अरे एवढ्या पैशात जवळजवळ दोन किलो छोले आले असते, आणि त्या डब्यात अर्धं तर पाणीच होतं." त्यावर नवरा म्हणे, "आई, तू गॅस धरलास का? पाणी, वेळ, भांडी?" झालं, रात्रीपर्यंत तेच. मी म्हटलं भांडू नका, एक डबा उरलाय (दुसऱ्यात आमचं पाहुण्यांसकट भागलं, पुऱ्या जास्त झाल्या म्हणून), मी मोजून दाखवते.

तर हे मोजायचं कसं ते लिहितेय, कारण नेटवर जे हिशोब दिसतात त्यात किलोच्या भावाला डब्याचा भाव लावतात आणि ते मुळातच चुकीचं आहे. सुकं कडधान्य आपण कोरडं विकत घेतो, डब्यातलं पाणी पिऊन फुगलेलं असतं. एक किलो आणि एक किलो सारखे नाहीतच. दोन्हीकडे एकच वस्तू तोलायची, ती म्हणजे शिजलेलं, निथळलेलं, कढईत टाकायला तयार कडधान्य. त्याचा १०० ग्रॅमचा भाव काढायचा. बाकी सगळं यावर.

डब्याचं आधी. लेबलवर मोठ्या अक्षरात ४०० ग्रॅम, आणि बाजूला बारीक अक्षरात निथळलेलं वजन २४० ग्रॅम. ४०० च्या डब्याला २४० हे जवळपास ठरलेलंच असतं. तरी मी रोळीत उपसले, नळाखाली धुतले, पाच मिनिटं तशीच रोळी सिंकवर तिरकी ठेवली, खालून थेंब पडायचे थांबले तेव्हा काट्यावर ठेवले. २३८ आले. सासूबाई बाजूला उभ्याच होत्या, "बघ, म्हटलं नव्हतं का". अर्धं नाही पण चाळीस टक्के पाणी, बरोबर होत्या. डबा १४० रुपयांचा, म्हणजे १०० ग्रॅम छोले ५८ रुपयांना पडले.

आता सुके. आमच्या वाण्याकडे मध्यम आकाराचे काबुली १५० रुपये किलो मिळाले, अर्धा किलो घेतले, ७५ रुपये. (तुमच्याकडे भाव वेगळा असेल, तुमचा घाला, रीत तीच.) निवडताना दोन खडे आणि चारपाच काळे दाणे गेले, वजनात मोजण्यासारखं काही नाही. रात्री भिजवले, सकाळी निथळून १०४० ग्रॅम भरले, कुकरमधून काढून निथळल्यावर ११५० ग्रॅम. म्हणजे शंभराचे दोनशे तीस. राजम्याचंही साधारण असंच होतं. डोक्यात ठेवायला सोपं म्हणून शंभराचे सव्वादोनशे धरा, फार चुकणार नाही. म्हणजे त्या अख्ख्या डब्यातले छोले हे मुळात आपले १०५ ग्रॅम सुके छोले असतात, वाटीभरसुद्धा नाहीत, पंधरा-सोळा रुपयांचे.

गॅसवर मात्र आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद झाला म्हणून तो नीट केला. घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. सिलेंडर ८७० ला धरला तर किलोला ६१ रुपये झाले, म्हणजे दहा ग्रॅम गॅस साठ पैशांना. अर्धा किलो भिजलेले छोले आणि वर पाणी, हे सगळं मिळून सव्वादोन किलोच्या आसपास वजन, ते मोठ्या आचेवर शिट्टीपर्यंत न्यायला तीसेक ग्रॅम गॅस लागतो आणि पुढे सिमवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवायला आणखी पंधरा-वीस ग्रॅम. एकूण पन्नास ग्रॅम. तीन रुपये! पाईपगॅसचंही जवळपास तेवढंच निघतं. इंडक्शनवाल्यांनी अर्धं युनिट धरावं, चार-पाच रुपये. न भिजवता तसेच कुकरला लावले तर वेळ दुप्पट लागतो पण सिमवरचा असल्यामुळे दीड-दोन रुपयेच वाढतात. कुकर नसेल आणि उघड्या पातेल्यात दीड तास रटरटवत बसलात तर दहा रुपये. म्हणजे "गॅस जळतो हो फार" हे जे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलोय ते कुकर असलेल्या घरात खरं नाहीये. नवऱ्याचा चेहरा जरा उतरला.

पाणी चार-पाच लिटर, मीठ, घासायला कुकर आणि एक पातेलं. हे सगळं मिळून दोन रुपये धरले. ७५ अधिक ३ अधिक २, अर्धा किलोचा खर्च ८० रुपये, त्यात ११५० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला ७ रुपये.

५८ आणि ७. आठपट.

पण नवऱ्याचा वेळेचा मुद्दा मला सोडवत नव्हता कारण तो चुकीचा नाहीये. फक्त वेळ मोजताना लोक भिजायचे दहा तास धरतात, तो आपला वेळ नाही, आपण झोपलेलो असतो. कुकर सिमवर असतानाचा पण नाही, तेव्हा मी अंघोळ करून येते. आपण ओट्याशी उभे असतो तेवढाच वेळ मोजायचा. मी फोनवर स्टॉपवॉच लावून बघितलं: निवडणं-धुणं पाच मिनिटं, पाणी बदलून कुकर लावणं तीन, उघडून निथळणं आणि पिशव्यांत भरणं सहा, घासणं पाच. एकूण एकोणीस, वीस धरू.

आता या वीस मिनिटांची मजुरी काढायची. ही युक्ती मला फार आवडली आणि आता मी ती सगळीकडे लावत सुटलेय. विकत घेतलं असतं तर किती लागले असते त्यातून घरचा खर्च वजा करायचा आणि जे वाचलं त्याला उभं राहण्याच्या वेळाने भागायचं. तेवढे ११५० ग्रॅम छोले डब्यांत घेतले असते तर ६७० रुपये. घरी ८०. वाचले ५९०, वीस मिनिटांत. म्हणजे तासाला सतराशेच्या वर! एवढी मजुरी मला ऑफिसात पण मिळत नाही 😄 तर भारतात राहून रोजच्या वापराला डबे घेण्याचं काहीही कारण नाही, हा विषय इथे संपला.

पण हाच हिशोब ताईला न्यू जर्सीला पाठवला तर तिचा उलटा मेसेज आला की तू वेडी आहेस का, माझ्याकडे डबा डॉलरला मिळतो. तिच्याकडून आकडे मागवले. तिच्याकडचा डबा १५ औंसाच्या आसपासचा, निथळून २५० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला ४० सेंट. सुके काबुली ती इंडियन दुकानातून चार पौंडाची पिशवी आणते, ८ डॉलर, त्यात शिजलेले चार किलोच्या वर निघतात, १०० ग्रॅमला १९ सेंट. म्हणजे आठपट कुठे, दुप्पट सुद्धा जेमतेम. अर्धा किलोच्या घाण्यामागे तिचे वाचतात दोन डॉलर चाळीस सेंट, वीस मिनिटांत, तासाला सात डॉलर वीस सेंट. आणि न्यू जर्सीत कायद्याने किमान मजुरीच तासाला १५ डॉलरच्या वर आहे. म्हणजे ताई डबे घेते ते आळस नाही, बरोबरच करते! तिने एका वेळी एक किलो शिजवले तर मात्र उभं राहायचा वेळ फारसा वाढत नाही आणि मजुरी दुप्पट होते, हे मी तिला सांगितलं, ती म्हणाली बघते. (बघणार नाही.)

तिकडे राहणाऱ्यांसाठी एक सोपा आडाखा, एक पौंड सुकं कडधान्य म्हणजे साधारण चार डबे. पौंडाची किंमत चार डब्यांच्या किमतीशी ताडून बघा, दुकानातच उभ्या उभ्या कळतं.

आता खरं सांगायचं तर आपल्याकडे डबा हा खरा प्रतिस्पर्धी नाहीच आहे. आपण वर्षातून दोनदा डबा आणतो. आपल्याकडे रोजचा प्रश्न असतो तो मोडांचा, घरी मोड काढायचे की भाजीवाल्या मावशींकडून वाटा घ्यायचा. आमच्या स्टेशनबाहेरच्या मावशी मटकीचा वाटा २० रुपयांना देतात, घरी आणून तोलला तर १७० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला बारा रुपये. घरची मटकी १५० रुपये किलो, किलोचे मोड सव्वादोन किलो होतात, १०० ग्रॅमला सात रुपये. आमच्या चौघांच्या उसळीला ३५० ग्रॅम लागते म्हणजे वाचले सतरा-अठरा रुपये. भिजवणं, उपसणं, फडक्यात बांधणं, फडकं धुणं यात दहा मिनिटं जातात. तासाला शंभर रुपये. ठीकठाक. मला वेळ असला तर घरी, नसला तर मावशींकडून, यात मनाला लावून घ्यायचं काही नाही. उलट त्या रात्री मटकी भिजवून, दुसऱ्या दिवशी बांधून, तिसऱ्या दिवशी पहाटे टोपली घेऊन येतात, त्यांच्या दोन दिवसांच्या निगराणीचे आपण वाट्यामागे आठ रुपये देतो, त्यातही आपण "मावशी थोडी वर घाला ना" म्हणतोच.

घरी काढणाऱ्यांसाठी एवढंच की मोड वाया जाण्याचा खर्च धरायला विसरू नका. पावसाळ्यात फडकं दमट राहून वास मारायला लागतो, हिवाळ्यात मोड येतच नाहीत आणि आपण उगाच तिसरा दिवस थांबतो. माझा पाचातला एक घाणा तरी बिघडतो. त्यामुळे सात रुपये हे कागदावरचे सात, खरे साडेआठ-नऊ पडतात. आणि मटकीत ते गणंग दाणे असतात ना, कितीही भिजवा दगडासारखे राहणारे, ते पण भरलेत आपण पैसे देऊन. भिजल्यावर बोटं फिरवून काढून टाका नाहीतर उसळ खाताना दाताखाली येतात, आणि दाताच्या डॉक्टरांचा हिशोब मी इथे करत नाही.

आणि वाल. कडव्या वालाच्या बिरड्याचं काय करायचं हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि तिथे हिशोबाने माझी फजिती केली. पाव किलो वाल ५० रुपयांचे. भिजवले, मोड आणले, कोमट पाण्यात टाकले आणि सोलायला बसले. अंगठा आणि तर्जनीत धरून टोकाला दाबलं की वाल सुळकन बाहेर उडी मारतो आणि साल बोटात राहते, पहिले पन्नास दाणे मजा येते. मग बोटं सुरकुततात. मग मालिका लावावी लागते. एक तास दहा मिनिटांनी साडेचारशे ग्रॅम सोललेले वाल तयार. बाजारात सोललेले पाव किलो ९० ला होते, म्हणजे साडेचारशे ग्रॅमचे १६० च्या आसपास. वाचले ११०, तासाला मजुरी नव्वद-पंचाण्णव. म्हणजे जे काम छोल्यांच्या दसपट कंटाळवाणं आहे त्याची मजुरी जेमतेम विसावा हिस्सा! दादरला, ठाण्याला, अलिबागच्या बाजारात त्या सोललेले वाल घेऊन बसलेल्या बायकांकडे मी आता वेगळ्याच नजरेने बघते आणि भाव करत नाही. सासूबाईंचं म्हणणं, विकतच्या वालांना घरच्यासारखी चव नसते. असेल. पण मग सोलायला दोघी बसू.

हे झालं कागदावरचं. आता जे कागदावर येत नाही आणि खरे पैसे जिथे जातात ते सांगते.

पहिलं म्हणजे विसरणं. भिजवायचं विसरलं की घरात तीन किलो छोले असून उपयोग नसतो, मग बाहेरून ऑर्डर, एक प्लेट छोले २४० आणि वर डिलिव्हरी. महिन्यातून दोनदा असं झालं की वर्षभर वाचवलेलं तिथे गेलं. यावर दोन उपाय. एक तातडीचा, छोले धुऊन भरपूर पाण्यात उकळी आणा, दोन-तीन मिनिटं खळखळू द्या, गॅस बंद करून झाकून एक तास ठेवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात कुकरला लावा. रात्रभर भिजवल्याइतकं एकसारखं होत नाही पण होतं. मला हे त्या रविवारी माहीत असतं तर हा सगळा लेख झालाच नसता. दुसरा उपाय फ्रीझरचा, तो खाली.

दुसरं म्हणजे उलटं विसरणं, भिजत घातल्याचं विसरणं. मे महिन्यात ओट्यावर चोवीस तास राहिलेले छोले बघा कधी, वर पांढरा फेस, आंबूस वास, सगळं ओतून द्यावं लागतं. उन्हाळ्यात भिजवायचं पातेलं सरळ फ्रिजमध्ये ठेवा, थोडं सावकाश भिजतं पण आंबत नाही.

तिसरं, जुना माल. कडधान्य गरम आणि दमट हवेत पडून राहिलं की त्याचं साल आणि आतला गाभा असा काही घट्ट होतो की मग कितीही शिट्ट्या द्या, कच्चटच राहतं. मुंबई-कोकणच्या हवेत हे जास्त होतं. सेलमध्ये "पाच किलोवर इतके टक्के सूट" बघून वर्षाचे छोले भरणाऱ्यांचं (मी) इथे नुकसान होतं, शेवटचे दोन किलो शिजता शिजत नाहीत आणि वर भुंगे. हंगाम बघून घ्या. हरभरा, काबुली, वाल हे रब्बीचे, होळीच्या पुढेमागे नवे येतात. मूग-मटकी खरिपाची, दसरा-दिवाळीला नवी मिळते. घेताना दाणा सुरकुतलेला, काळपटलेला नसावा, आणि वाण्याला सरळ विचारावं नवा का जुना, आमचा तरी खरं सांगतो. आणल्यावर तीन-चार दिवस पिशवीसकट फ्रीझरमध्ये ठेवून मग बाहेर काढून गारवा पूर्ण जाऊ देऊन बरणीत भरलं तर भुंग्याची अंडी मरतात, राखेत घोळवण्यापेक्षा सोपं.

चौथं, पाणी. हे मला नणंदेमुळे कळलं. ती वाघोलीला राहते, सोसायटीला कायम टँकर किंवा बोअर, आणि तिची तूरडाळसुद्धा शिजायची नाही. ती बिचारी कुकर बदलत होती. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सालात जाऊन बसतं आणि साल मऊ होऊ देत नाही. उपाय साधा आहे, भिजवायच्या पाण्यात मोठा चमचाभर मीठ घाला (दोन लिटरला), ते पाणी फेका, आणि शिजवायला प्यायचं फिल्टरचं पाणी घ्या. मिठाने कडधान्य कडक राहतं असं आपल्याला शिकवलंय, भिजवताना ते खरं नाही, उलट मऊ होतं. खरं कडक करतो तो आंबटपणा. टोमॅटो, चिंच, कोकम, आमचूर हे छोले बोटचेपे झाल्याशिवाय घालायचं नाही. सोडा चिमूटभर चालतो, जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि लगदा होतो तो वेगळाच.

आता फ्रीझरची रीत, म्हणजे घरचाच डबा. अर्धा किलो एका वेळी, कारण पाच लिटरच्या कुकरला तेवढंच नीट होतं, कडधान्य फुगतं आणि फेसाळतं त्यामुळे पाण्यासकट कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, नाहीतर शिट्टीतून फेस उडून ओटा पुसायची आणखी दहा मिनिटं आपल्या मजुरीत. रात्री मिठाच्या पाण्यात भिजवले, सकाळी धुऊन नव्या पाण्यात, दाण्यांच्या वर दोन बोटं पाणी. पहिली शिट्टी झाली की सिम, वीस मिनिटं, मग बंद करून वाफ आपोआप जिरू द्यायची. चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढली की छोले फुटतात. दाणा बोटात दाबून बघायचा, मधे खडा लागला तर आणखी पाच मिनिटं.

मग रोळीत निथळून पूर्ण गार करून २४०-२४० ग्रॅमच्या पिशव्या करते, मुद्दाम तेवढंच, म्हणजे कुठल्याही रेसिपीत "एक डबा छोले" लिहिलं असेल तर माझी एक पिशवी. पिशवी चपटी करून ठेवायची, गोळा नाही, चपटी असली की दहा मिनिटांत सुटी होते आणि फ्रीझरमध्ये वह्यांसारख्या उभ्या लावता येतात. तारीख मार्करने. दोन-तीन महिने छान राहतात. तुमच्याकडे लाईट तासन्‌तास जात असेल तर मात्र हा उद्योग एका वेळी दोन पिशव्यांपुरताच करा. नुसत्या फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे नको. छोले शिजवलेलं पाणी फेकू नका, रस्स्यात घाला. भिजवलेलं पाणी मात्र फेकायचंच, राजम्याचं तर नक्कीच.

राजम्याचं जरा गांभीर्याने सांगते. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, चार-पाच कच्चट दाण्यांनी सुद्धा उलट्या-जुलाब होऊ शकतात. किमान पाच तास भिजवणं, ते पाणी फेकणं आणि मग खळखळून उकळणं, हे झालंच पाहिजे. कुकरमध्ये तापमान १२० अंशापर्यंत जातं त्यामुळे तिथे काळजी नाही. पण ते जे इलेक्ट्रिक स्लो कुकर असतात, परदेशातल्या घरांत फार, त्यात भिजवलेला राजमा थेट टाकून आठ तास मंद ठेवायचा नाही, तेवढी उष्णता त्याला पुरत नाही. आधी गॅसवर दहा-पंधरा मिनिटं, खरंतर अर्धा तास उकळून मग टाका. डब्यातला राजमा पूर्ण शिजलेला असतो, त्याला हा प्रश्न नाही, आणि डब्याच्या बाजूने बोलायचं तर हा एक मुद्दा नक्की आहे. जाता जाता, साताऱ्याच्या कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, अंगावर लालसर पट्टे असलेला, जीआय मानांकन मिळालेला, तो कधी मिळाला तर राजम्याऐवजी जरूर आणा. शिजवायची रीत हीच.

डबा घेतलाच तर काय बघायचं तेही सांगते. पुढचं वजन नाही, बारीक अक्षरातलं निथळलेलं वजन बघायचं, कारण दोन डबे सारख्या उंचीचे असून आत वेगळे निघतात. मीठ भरपूर असतं, धुतल्याने तिसरा हिस्सा तरी कमी होतं, त्यामुळे धुवाच आणि भाजीत मीठ शेवटी चाखून घाला. फुगलेला किंवा शिवणीवर दबलेला डबा घ्यायचा नाही. उघडल्यावर उरलेलं डब्यातच फ्रिजमध्ये ठेवू नका, काचेच्या भांड्यात काढा आणि तीन दिवसांत संपवा. चव म्हणाल तर चाट, सॅलड, वाटून करायचं हमस यात काही फरक कळत नाही. पंजाबी छोल्यात कळतो, मसाला आत मुरत नाही, रस्सा वेगळा आणि छोला वेगळा लागतो. त्या रविवारी पाहुणे काही बोलले नाहीत पण वाडग्यात रस्सा संपला आणि छोले उरले ते मी बघितलं ना.

तयार राजम्याची, छोल्यांची ती गरम करून खायची पाकिटं असतात त्यांचा हिशोब करायला गेले तर जमेना, कारण त्यात ग्रेव्ही किती आणि दाणे किती ते लिहिलेलंच नसतं. एक पाकीट रोळीत ओतून, धुऊन, दाणे तोलायचा विचार होता. सासूबाईंनी अन्नाची नासाडी म्हणून हाणून पाडला.

सध्या आमच्या फ्रीझरमध्ये चार पिशव्या छोले आणि दोन राजमा आहेत. उघडून तोलला त्या डब्याच्या जागी नवऱ्याने एक नवीन आणून वरच्या फळीवर ठेवलाय, त्यावर मार्करने तारीख घातलीये आणि सासूबाईंना म्हणाला, "आई, हा छोल्यांच्या ऐवजी नाही, हॉटेलच्या ऐवजी आहे." त्यांनी किंमत विचारली. १४०. ऑर्डरचे २४० आणि डिलिव्हरीचे वेगळे हे त्यांना पाठ आहे, त्यामुळे काही बोलल्या नाहीत, फक्त डबा उचलून मागचं बारीक अक्षरातलं निथळलेलं वजन चष्मा लावून वाचलं आणि परत ठेवला.